कोंबड्यांची मर आणि घरातला ताप: बर्ड फ्लूचा संशय आल्यावर काय करायचं, कोणत्या क्रमाने

परसात दहा-पंधरा गावठी कोंबड्या, दोन-तीन हजारांचं ब्रॉयलरचं शेड किंवा नाक्यावर चिकनचं दुकान, यातलं काहीही तुमच्याकडे असेल तर हे वाचून ठेवा. मर लागली की लोक करायच्या त्या गोष्टी करतातही, पण उलट्या क्रमाने. आधी मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर जातात, मग उरलेल्यांतल्या तीन-चार कापून खाल्ल्या जातात आणि आठवड्याने कोणीतरी पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगतं. तोवर घरात एकाला ताप आलेला असतो. तो गावातल्या डॉक्टरकडे जाऊन सुई टोचून येतो, पण कोंबड्यांचा विषय तिथे निघतच नाही.

तो निघत नाही याला कारण आहे. कोंबड्यांची बातमी पशुसंवर्धन खात्याकडे जाते आणि माणसाचा ताप आरोग्य खात्याकडे. एका खात्याला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळेल असं आपण धरून चालतो. वरच्या पातळीवर दोघांची गाठ पडते, पण त्याला दिवस लागतात. कोंबडी आणि ताप या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवशी एकत्र दिसतात त्या फक्त तुम्हाला. पुढचे सगळे टप्पे यावरच उभे आहेत.

भीती किती बाळगायची तेही आधी सांगते. माणसाला बर्ड फ्लूची लागण क्वचितच होते. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातली पहिली साथ आली, लाखो पक्षी मारावे लागले, पण माणसात लागण सापडली नाही. मात्र झाली तर ती साधी नसते. २००३ पासून जगभरात एच५एन१ या बर्ड फ्लूच्या विषाणूचे जे मानवी रुग्ण नोंदले गेले, त्यांतले जवळपास निम्मे दगावले. सौम्य आजाराचे लोक दवाखान्यात जात नाहीत, त्यामुळे खरं प्रमाण कमी असणार. तरी आपल्या घरच्या माणसावर हा हिशेब कोणी करून बघत नाही.

## टप्पा ०: मर नसतानाच करायची तयारी

हे सामान ऐन वेळी मिळत नाही. एका झाकणाच्या बादलीत भरून ठेवा, शेडमध्ये नको, घरात ठेवा.

- एन९५ मास्क, माणशी किमान चार. कापडी मास्क किंवा तोंडाला गुंडाळलेला गमछा इथे उपयोगाचा नाही.
- डोळे बाजूने झाकणारा गॉगल. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा पारदर्शक चालतो.
- रबरी हातमोजे, गमबूट, अंगभर रेनकोट. पीपीई किट मिळालं तर उत्तमच, पण रेनकोट धुता येतो.
- जाड प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या आणि सुतळी.
- कपडे धुण्याचा साबण, ब्लीचिंग पावडर, लांब दांड्याचा ब्रश.
- डिजिटल थर्मामीटर आणि करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर. सेल बदलून चालतो का ते बघून घ्या. निम्म्या घरांत तो कपाटात मरून पडलेला असतो.
- वही. हिचं काम पाचव्या टप्प्यात येईल.

बादलीच्या झाकणाच्या आतून एक कागद चिकटवा. त्यावर तुमच्या भागातल्या पशुधन विकास अधिकाऱ्याचा, आशाताईंचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा मोबाइल नंबर लिहा. खाली १९६२ (जनावरांसाठी), १०४ (आरोग्य सल्ला) आणि १०८ (रुग्णवाहिका).

तपासा: मास्क लावून जोरात फुंकर मारा. गालाशी किंवा नाकाच्या बाजूने हवा निसटली तर तो बसलेला नाही. दाढी असेल तर एन९५ नीट बसतच नाही. मर लागलेल्या शेडमध्ये जाणाऱ्याने दाढी काढावी किंवा दुसऱ्याने जावं.

## टप्पा १: ही नेहमीची मर आहे का?

उन्हाळ्यात दोन कोंबड्या गेल्या म्हणून कोणी घाबरत नाही, घाबरूही नये. मानमोडी म्हणजे राणीखेत, गंबोरो, उष्माघात अशी कारणं रोजची आहेत. पण खालच्यातलं काही दिसलं की संशय धरायचा:

काल चरत असलेल्या कोंबड्या आज सकाळी खुराड्यात मरून पडलेल्या असणं, एकामागून एक, फारशी लक्षणं न दाखवता. डोकं आणि चेहरा सुजणं. तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी कातडी) निळे-काळे पडणं. पायांवर, पिसं नसलेल्या भागावर लाल ठिपके. अंडी अचानक बंद होणं किंवा मऊ कवचाची येणं. नाकातून चिकट स्राव, पातळ हगवण, मान टाकणं.

राणीखेत आणि बर्ड फ्लू नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. पशुवैद्यालाही येत नाहीत, म्हणून तर नमुना भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत पाठवतात. त्यामुळे ‘राणीखेतची लस दिली होती, म्हणजे हे तेच असणार’ किंवा ‘लस दिलीय, म्हणजे काही नसणार’ हे दोन्ही अंदाज सोडून द्या.

आजूबाजूला बघा. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कोंबड्या नव्हे, कावळे मरून पडायला लागले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. झाडाखाली दोन-तीन कावळे मेलेले दिसले तर तीही बातमीच आहे. बदकांवर मात्र विसंबू नका. बदक ठणठणीत दिसत असताना विष्ठेतून विषाणू टाकत राहू शकतं.

## टप्पा २: पहिला अर्धा तास, हात न लावता

संशय आला की पहिली हालचाल आत जाण्याची नाही, बाहेर येण्याची.

१. मुलांना आणि गरोदर बाईला तिथून हलवा. कोंबड्या सोडणं-कोंडणं हे काम बहुतेक घरांत मुलांकडे असतं. ते आजपासून बंद.

२. कुत्रं बांधा, मांजर घरात कोंडा. मेलेली कोंबडी मांजराने ओढून आणली तर विषाणू थेट चुलीपाशी येतो. मांजरजातीला हा रोग सहज होतो. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. डुकरं असतील तर तीही लांब बांधा.

३. जिवंत कोंबड्या आहेत तिथेच कोंडून ठेवा. शेजाऱ्याकडे, पाहुण्यांकडे, बाजारात, कुठेही हलवू नका.

४. खत, अंडी, खाद्याची पोती, अंड्यांचे ट्रे, काहीही आवाराबाहेर जाऊ देऊ नका. खाद्याची गाडी येणार असेल तर रस्त्यावरच थांबवा.

थांबा: ‘मरायच्या आत कापून घेऊ’ हा विचार इथेच मनात येतो. मी आरोग्य सेविका म्हणून सर्वेक्षणाला फिरत असताना एका वस्तीवर आजी ओट्यावर कोंबडी सोलत बसल्या होत्या. घमेल्यात उकळतं पाणी, वाफेबरोबर ओल्या पिसांचा वास, शेजारी चार वर्षांची नात पिसं गोळा करून खेळतेय. “आजारी होती का हो?” म्हटलं. “न्हाई गं, सकाळी जरा मान टाकाय लागली म्हनून कापली. मेल्यावर काय उपेग?” त्यांच्या दृष्टीने तो काटकसरीचा शहाणपणा होता. पण रश्शात उकळल्यावर विषाणू उरत नाही. तो अंगावर येतो त्याच्या आधी, मान कापताना उडणाऱ्या रक्तातून, आतडी काढताना आणि पिसं उपटताना उडणाऱ्या बारीक कणांतून. म्हणजे जेवणाऱ्यापेक्षा सोलणाऱ्याला धोका जास्त, आणि सोलायला बसतात त्या घरातल्या बायका, मुलांना कडेला घेऊन.

## टप्पा ३: कळवणं, आणि दोन्हीकडे कळवणं

पहिला फोन पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ ला. दुसरा आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात. दोन्ही त्याच दिवशी करायचे. दुसऱ्या फोनवर एवढंच सांगा: “आमच्याकडे मर लागलीय, संशय बर्ड फ्लूचा आहे, घरात एवढी माणसं आहेत, अजून कोणी आजारी नाही.” यामुळे ताप यायच्या आधीच तुमचं घर त्यांच्या यादीत येतं.

पशुवैद्याला सांगताना ‘कोंबड्या मरतायत’ एवढ्यावर थांबू नका. एकूण किती, कधीपासून, रोज किती, कोणती लस कधी दिली, नवे पक्षी कुठून आणले, तळं किंवा पाणथळ किती जवळ, हे सांगा. ताजा मेलेला पक्षी नमुन्यासाठी लागतो, म्हणून सगळे पुरून टाकून मग फोन करू नका. स्वतः फाडून ‘आत काय झालंय’ ते बघायला तर मुळीच जाऊ नका.

लोक इथे लपवतात ते पैशाच्या भीतीने, आणि त्यांचा हिशेब नेमका इथेच चुकतो. सरकारी पथक जे जिवंत पक्षी मारतं त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. चार दिवस लपवलं तर चार दिवसांत मेलेले पक्षी भरपाईतून गेले. शिवाय २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार असा रोग कळवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

रोग निश्चित झाला तर साधारण एक किलोमीटरचा परिसर बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र धरतात. शेजाऱ्यांचे पक्षीही जातात, त्यावरून भांडणं होतात. म्हणून सरपंच-पोलीस पाटलांना आधी तुम्हीच सांगितलेलं बरं.

तपासा: दोन्ही फोन झाले? कोणाशी, किती वाजता बोललात ते वहीत लिहिलं?

## टप्पा ४: हाताळावंच लागलं तर

पथक यायला उशीर होतो आणि मेलेले पक्षी कावळ्या-कुत्र्यांच्या तावडीत सोडता येत नाहीत. अशा वेळी एकाच धडधाकट माणसाने आत जायचं. साठीच्या पुढचे, दमा, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असलेले यांनी नाही.

चढवण्याचा क्रम: आधी अंगठी, घड्याळ, मोबाइल बाहेर. हात धुवा. रेनकोट, गमबूट, मास्क, गॉगल, डोक्यावर टोपी, शेवटी हातमोजे, तेही रेनकोटच्या बाहीवरून ओढून. रेनकोटची पँट गमबुटाच्या बाहेर असू द्या, नाहीतर घाण बुटात उतरते.

आत गेल्यावर: झाडू मारायचा नाही. कोरडं झाडलं की वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते आणि तुम्ही ती तासभर घेत राहता. पक्ष्यावर आधी साबणाचं पाणी हलकेच शिंपडा. पिशवीत हात घालून पक्षी पकडा आणि पिशवी उलटी करून त्याच्यावरच चढवा. ती दुसऱ्या पिशवीत घाला, बांधा. बांधताना पिशवीतली हवा दाबून काढू नका, ती तुमच्या तोंडावर येते. पिशव्या सावलीत, कुत्री पोचणार नाहीत अशा जागी ठेवा. पुढची विल्हेवाट पथक करेल. ओढ्यात, विहिरीत, कॅनॉलमध्ये टाकणं तर सोडाच, घाईघाईत वीतभर खड्ड्यात पुरलेलंही रात्री कुत्री उकरतात.

उतरवण्याचा क्रम: लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात. अर्धा तास सगळं नीट सांभाळलेला माणूस बाहेर येतो, घामाने जीव नकोसा झालेला असतो, आणि पहिली गोष्ट करतो ती म्हणजे मोजे घातलेल्या हाताने मास्क खाली ओढतो. आतली सगळी मेहनत त्या एका सेकंदात वाया. क्रम असा ठेवा:

१. गमबूट आणि हातमोजे अंगावर असतानाच साबणाच्या पाण्याने घासा. बुटाच्या तळाच्या खाचा ब्रशने.
२. रेनकोट, आतली बाजू बाहेर करत, अंगापासून लांब धरून.
३. गमबूट.
४. हातमोजे, तेही उलटे करत. मग साबणाने हात.
५. टोपी, आणि गॉगल मागच्या पट्ट्याने. पुन्हा हात.
६. मास्क सगळ्यात शेवटी, मोकळ्या हवेत, फक्त पट्ट्याला धरून. पुन्हा हात.
७. तिथूनच अंघोळीला. आतले कपडे गरम पाण्यात साबण घालून वेगळे धुवा.

शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने चार हात लांब उभं राहून हा क्रम मोठ्याने वाचावा. दमलेल्या माणसाला तो आठवत नाही.

थांबा: शेडमध्ये तंबाखू मळणं, बिडी ओढणं, पाणी पिणं, काही नाही. तहान लागली तर उतरवण्याच्या वरच्या सातही पायऱ्या करून बाहेर यायचं.

## टप्पा ५: दहा दिवसांची वही

बर्ड फ्लूची लक्षणं बहुधा दोन ते पाच दिवसांत दिसतात, पण दहा दिवसांपर्यंत वाट बघायची असते. हे दहा दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजायचे. सोमवारी शेवटचा पक्षी हाताळला तर मंगळवार हा पहिला दिवस आणि पुढच्या आठवड्यातला गुरुवार दहावा. मध्ये बुधवारी पुन्हा शेडमध्ये गेलात तर मोजणी गुरुवारपासून नव्याने.

वहीत प्रत्येकाचं वेगळं पान: ज्याने उचललं, ज्याने सोललं, ज्याने अंडी गोळा केली, आणि ती मुलंही जी ‘तिथे नव्हतीच’ असं मोठी माणसं सांगतात. सकाळ-संध्याकाळ ताप मोजा आणि आकडा लिहा, ‘ताप नाही’ असं नको. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावर म्हणजे ताप.

तापाशिवाय बघायचं ते: खोकला, घसा दुखणं, अंग मोडून येणं, दम लागणं, जुलाब. आणि डोळे. लाल झालेले, पाणी येणारे, चिकटणारे डोळे हे बर्ड फ्लूचं एकमेव लक्षण असू शकतं. २०२४ पासून अमेरिकेत गायींच्या गोठ्यांतल्या ज्या कामगारांना लागण झाली, त्यांच्यात बऱ्याच जणांचे मुख्यतः डोळेच आले होते. ‘डोळे आलेत’ म्हणून मेडिकलमधून थेंब आणून विषय मिटवू नका.

थांबा: अंग दुखतंय म्हणून आधी पॅरासिटामॉल घेतली आणि मग थर्मामीटर लावला, तर वहीत खोटा आकडा जातो. आधी मोजा, मग गोळी, आणि गोळीची वेळही लिहा.

या दहा दिवसांत लग्न, जत्रा, आठवडी बाजार टाळा. घरोघर ताप विचारत येणाऱ्या आरोग्य सेवकांना ‘सगळे बरे आहेत’ म्हणून दारातून परत पाठवू नका. मी अशा कितीतरी दारांतून परत आले आहे.

## टप्पा ६: लक्षण दिसलं. डॉक्टरला सांगायचं पहिलं वाक्य

दवाखान्यात पोचल्यावर संवाद नेहमी असाच होतो. “काय होतंय?” “ताप, खोकला.” “कधीपासून?” “परवापासून.” “बाहेरचं काही खाल्लं?” “नाही.” तपासणी, गोळ्या, पुढचा पेशंट. डॉक्टरने कोंबड्यांबद्दल विचारलं नाही, पेशंटने सांगितलं नाही. दिवसाला शंभर व्हायरल ताप बघणाऱ्या डॉक्टरला ते सुचेलच याची खात्री नसते.

म्हणून तापाच्या आधी कोंबडी. पाठ करून जा:

“डॉक्टर, आमच्याकडे चार दिवसांपूर्वी कोंबड्या पटापट मेल्या. मी त्या उचलल्या. काल रात्रीपासून ताप आहे.”

जाण्याआधी आरोग्य केंद्रात फोन करा म्हणजे ते तुम्हाला गर्दीत बसवणार नाहीत. एसटी, वडाप, शेअर रिक्षा नको. स्वतःची गाडी, खिडक्या उघड्या, किंवा १०८. आजारी माणसाला मास्क, बरोबरच्यालाही मास्क. झडप असलेला मास्क आजारी माणसाला लावू नका, त्याचा उच्छ्वास त्या झडपेतून जसाच्या तसा बाहेर येतो.

सोबत वही न्या आणि एका कागदावर लिहा: किती पक्षी कधी मेले, कोणी काय हाताळलं, शेवटचा संपर्क कोणत्या तारखेला, लक्षण कधी सुरू झालं, कोणत्या गोळ्या घेतल्या, इतर आजार, घरात आणखी कोण आजारी, आणि पशुवैद्याचा फोन नंबर. हा शेवटचा नंबर फार कामाचा. त्यामुळे दोन खात्यांचे डॉक्टर थेट बोलतात.

वाट न बघता १०८ बोलवा, जर: श्वास घेताना त्रास, छातीत दुखणं, ओठ-नखं निळसर, बडबड किंवा गुंगी, ऑक्सिमीटरवर ९४ पेक्षा कमी. बोट गार असेल किंवा नखाला मेंदी-नेलपॉलिश असेल तर ऑक्सिमीटर फसवतो. बोट चोळून, दुसऱ्या बोटाला लावून बघा.

लहान मुलाचे श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, ते शांत असताना. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे. बरगड्यांखाली खळगा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर मोजत बसू नका, निघा.

मुलांबद्दल जास्त लिहितेय ते मुद्दाम. २०१९ मध्ये मेळघाटातल्या १७ महिन्यांच्या मुलात एच९एन२ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडला, देशातला माणसातला त्याचा पहिला. मूल बरं झालं. तो सापडला तोही लहान मुलांमधल्या वेगळ्याच एका श्वसनविषाणूचा अभ्यास तिथे चालू होता म्हणून. २०२५ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातल्या पालनाडू जिल्ह्यात दोन वर्षांची मुलगी एच५एन१ ने गेली. चिकन करताना तिने कच्चा तुकडा खाल्ल्याचं घरच्यांनी सांगितलं होतं.

## टप्पा ७: नमुना आणि औषध

नाक-घशातला स्वॅब घेतात. डोळे लाल असतील तर डोळ्यांचाही घ्यायला सांगा. नमुना थंड ठेवून पाठवतात. खात्रीची तपासणी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत होते. कोंबडी भोपाळला, माणूस पुण्याला. कोंबडीचा अहवाल यायचा आहे म्हणून माणसाचा नमुना थांबवायचा नसतो.

दोन गैरसमज. दवाखान्यातली झटपट फ्लू चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असं नाही. ती चुकू शकते. आणि पहिला स्वॅब निगेटिव्ह असूनही माणूस खालावत असेल तर पुन्हा नमुना घ्यावा लागतो, कारण हा विषाणू घशापेक्षा फुप्फुसात खोल बसलेला असू शकतो.

औषध ऑसेलटॅमिविर, म्हणजे स्वाइन फ्लूच्या वेळचं टॅमीफ्लू. लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात जास्त फायदा. म्हणून डॉक्टर संशयावरच सुरू करतात, अहवालाची वाट बघत नाहीत. उशीर झाला तरी गंभीर रुग्णाला देतातच. लक्षणं नसतानाही, जवळचा संपर्क आलेल्याला प्रतिबंधक म्हणून द्यायचं का आणि किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. मेडिकलमधून आणून घरभर वाटू नका. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडूही नका.

डॉक्टरला विचारायला लाजू नका: “इंजेक्शनात स्टेरॉइड आहे का?” गावाकडे ताप झटक्यात उतरावा म्हणून ते सर्रास टोचलं जातं. माणसाला तरतरी येते, तो घरी जातो आणि फुप्फुसातला आजार आतल्या आत वाढत राहतो. मुलांना ताप-अंगदुखीसाठी ॲस्पिरिन देऊ नका. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. डॉक्टरने दिलं तर ते न्यूमोनियात जिवाणूंची भर पडू नये म्हणून, टॅमीफ्लूच्या बदल्यात नाही.

वर्षाला देतात ती फ्लूची लस बर्ड फ्लूपासून वाचवत नाही. तरी पोल्ट्रीवाल्यांनी ती घ्यावी, कारण साधा फ्लू आणि बर्ड फ्लू एकाच माणसात एकाच वेळी असणं टाळायचं असतं.

## टप्पा ८: आजारी माणूस घरी असेल तर

सौम्य लक्षणं असली तर अहवाल येईपर्यंत डॉक्टर घरी थांबायला सांगू शकतात. वेगळी, खिडकी असलेली खोली, सेवेला एकच माणूस, दोघांनाही मास्क, वेगळी ताट-वाटी. हा विषाणू आज माणसाकडून माणसाकडे सहज पसरत नाही, म्हणून वाळीत टाकायचं कारण नाही. पण सेवा करणाऱ्याचंही वहीत पान उघडा, आणि त्याची दहा दिवसांची मोजणी रुग्णाशी आलेल्या शेवटच्या जवळच्या संपर्कापासून धरा.

## स्वयंपाकघराचं थोडक्यात

निरोगी पक्ष्याचं मांस आणि अंडी नीट शिजवून खायला हरकत नाही. मांस आतपर्यंत ७० अंश सेल्सिअसला पोचलं की विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर खदखदतो. हाडाजवळ गुलाबी दिसलं तर अजून शिजवा. अंड्याचं पिवळं घट्ट होईस्तोवर. फ्रीजरमध्ये ठेवून विषाणू मरत नाही, हळदी-मिठात मुरवूनही नाही. कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे कोथिंबिरीवर जातात. त्याची विळी-पाट वेगळी ठेवा. आजारी किंवा मेलेला पक्षी मात्र कितीही शिजवला तरी खायचा नाही. कारण वर आजींच्या ओट्यावर सांगितलंय.

## टप्पा ९: शेड आणि खुराडं साफ करताना

पक्षी गेले, पथक गेलं, आणि लोक थेट ब्लीचिंग पावडर भुरभुरवतात. विष्ठेच्या थरावर टाकलेली पावडर त्या घाणीतच संपते, खालपर्यंत पोचत नाही. क्रम असा: मास्क-मोजे चढवून तूस आणि विष्ठा साबणाच्या पाण्याने ओली करा, खरवडून काढा, पथकाने सांगितलेल्या जागी पुरा. मग साबणाने घासून धुवा. सुकू द्या. आणि मग ब्लीचिंगचं पाणी, एका लिटरला साधारण ३० ग्रॅम ताजी पावडर, दहा मिनिटं तरी ओलं राहील असं मारा. गेल्या वर्षीच्या फुटक्या डब्यातल्या पावडरीत दम उरलेला नसतो. झाकण उघडल्यावर नाकाला झोंबली नाही तर नवी आणा.

थांबा: ब्लीचिंगच्या पाण्यात संडास साफ करायचं ॲसिड मिसळू नका. जो वायू निघतो त्याने बंद शेडमध्ये माणूस जागेवर पडतो.

खाद्याची अर्धी पोती, लाकडी डालगी, पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे धुऊन वाचवायला जाऊ नका, ते पथकाच्या यादीत लिहून नष्ट करायला द्या. नवी पिल्लं पशुसंवर्धन खात्याची लेखी परवानगी हातात आल्यावरच. ‘आता काही नाही, भरा’ असं कोणी तोंडी सांगितलं तर त्यांच्याकडून ते कागदावर घ्या, आणि तो कागद बादलीतल्या वहीत ठेवा.